बिनशेताचे ट्रॅक्टर

देवराव खंडारेकडे तीन ट्रॅक्टर होते आणि शेत धुऱ्याएवढं, बांधाएवढंही नव्हतं. वलगावात नवा पाहुणा आला की त्याला ही गोष्ट हमखास सांगितली जायची, आणि पाहुण्याला ती खोटी वाटली तर त्याला गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धवाड्याच्या टोकाशी नेऊन बांबूच्या तट्ट्यांच्या छपराखाली उभी असलेली ती तीन धुडं दाखवली जायची. तेव्हा आख्ख्या वलगावात दुसरा ट्रॅक्टर नव्हता. पाटलांचं शेतसुद्धा बैलांवरच चालायचं.

देवराव अमरावतीला एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर होता. उंच, काटकुळा, बोलायला कमी. फौजेतून आणलेली खाकी हाफपँट त्याने इतकी वर्षं वापरली, की शेवटी तिच्यात मूळ कापड कमी आणि त्याची बायको चतुराबाई हिने लावलेली ठिगळं जास्त होती. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाचा हंगाम. तेवढे महिने तो सकाळी सायकलवर जायचा आणि अंगावर रुई घेऊन परत यायचा. हंगाम संपला की कारखान्यात अर्धंच काम, आणि उरलेला वेळ त्याचा स्वतःचा. त्या वेळात तो ट्रॅक्टर करायचा. ‘करायचा’ हा त्याचाच शब्द. “या उन्हाळ्यात परतवाड्याचा कराचा आहे,” असं तो म्हणायचा, जसं एखादा घर शाकारायचं म्हणतो.

हे वेड त्याला लढाईत लागलं. चव्वेचाळीस सालच्या हिवाळ्यात त्याची वर्कशॉप तुकडी इटलीत होती. तो ड्रायव्हर-मेकॅनिक. पुढे एका नदीवर लढाई अडलेली, मागे चिखल आणि बर्फ, आणि तुकडी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात उतरलेली. शेतकऱ्याचं नाव पिएत्रो. त्याने आपला ट्रॅक्टर जर्मनांनी नेऊ नये म्हणून खोलून, त्याचे भाग गवताच्या गंजीत पुरून ठेवले होते. जर्मन गेले, पण एकट्या म्हाताऱ्याला तो परत जोडता येईना. देवरावने तो त्याच्याबरोबर जोडला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पिएत्रो एक एक भाग हातात घेऊन त्याचं नाव सांगायचा आणि देवराव ते वऱ्हाडीत वाकडंतिकडं म्हणून दाखवायचा. ट्रॅक्टर सुरू झाला त्या दुपारी पिएत्रोच्या म्हातारीने जेवायला बोलावलं. देवराव सवयीने आपलं टिनाचं भांडं घेऊन दाराबाहेर उभा राहिला. परक्याच्या घरी वाढून घ्यायची त्याची जागा लहानपणापासून तीच होती. म्हातारीला काही कळेना. ती बाहेर आली, त्याचं मनगट धरलं आणि आत नेऊन आपल्या नवऱ्याशेजारी खुर्चीवर बसवलं. त्याच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि घरातली बशी पुढे ठेवली.

हे त्याने आयुष्यात दोन-चारदाच कोणाला सांगितलं असेल. सांगताना त्या बशीपाशी थांबायचा.

शेहेचाळीसला तो परत आला, तेव्हा वलगावच्या स्टँडवरच्या हॉटेलात त्याच्या लोकांसाठी फुटक्या कानाचा कप अजून वेगळा टांगलेला होता.

पहिला ट्रॅक्टर त्याला एकावन्न साली दिसला. अमरावतीचे मोरोपंत वकील यांचं वलगावच्या शिवारात मोठं शेत होतं. तिथल्या विहिरीचा पंप दुरुस्त करायला देवरावला बोलावलं होतं. बाभळीखाली वेलींनी झाकलेलं काहीतरी त्याला दिसलं. वेल ओढून काढला तर पुढे ते ओळखीचं डोकं, उलट्या लोट्याच्या आकाराचं, आणि बाजूला जात्याच्या तळीसारखं जाड फिरतं चाक. पिएत्रोच्या ट्रॅक्टरचाच भाऊ. वकिलांच्या वडिलांनी तीस सालच्या सुमारास कधीतरी मुंबईच्या दलालाकडून तो मागवला होता. दोन हंगाम चालला. मग चालवणारा माणूस निघून गेला, आणि तेव्हापासून तो उभाच.

देवराव तसाच सायकलवर वकिलांच्या घरी गेला.

“भंगारात द्यायचाच आहे मला तो,” मोरोपंत म्हणाले. “पण देवराव, तुला शेत नाही. घेऊन करणार काय?”

“चालू करतो, साहेब.”

“आणि मग?”

हा प्रश्न देवरावने स्वतःला विचारला नव्हता.

“मंग आयकतो,” तो म्हणाला.

वकील हसले, पण भला माणूस होता. भंगारवाल्याने जे दिलं असतं तेच त्यांनी घेतलं, तेही हप्त्याहप्त्याने.

शेजारच्या नत्थुजीची आणि आणखी दोघांची बैलं जुंपून तो ट्रॅक्टर घरापर्यंत ओढत आणला. त्याची लोखंडी दातेरी चाकं रस्त्यात रुतत होती, आणि मागे पोरांची वरात. चतुराबाई दारात उभी होती. कडेवर तीन वर्षांची शालू.

“हे काय आनलं?”

“ट्रॅक्टर.”

“ते दिसून राहिलं मले. काहून आनलं?”

देवराव बैलांचं जू सोडायला लागला. चतुराबाईने त्या गंजलेल्या लोखंडाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. “लोक ढोरं पाळते,” ती म्हणाली, “आमच्या घरी लोखंड पाळते,” आणि बैलांना पाणी दाखवायला आत वळली.

त्या ट्रॅक्टरच्या पोटात गांधीलमाशांचं घर होतं, सापाची कात होती, आणि दट्ट्या आत गंजून असा बसला होता की हालेना. देवरावने त्यात रॉकेल आणि एरंडेल ओतून ठेवलं. रोज कामावरून आला की लाकडी ओंडका लावून घणाचे हलके ठोके द्यायचा, कान लावायचा, परत तेल ओतायचा. जोर केला असता तर फुटलं असतं. त्या उन्हाळ्यात तो हलला नाही. पावसाळ्यात हलला नाही. पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तांदळाच्या दाण्याएवढा सरकला, आणि देवराव घण टाकून सरळ चुलीपाशी गेला. “सरकला,” एवढंच म्हणाला. चतुराबाईने भाकर थापता थापता विचारलं, “किती?” त्याने बोटाने दाखवलं. ती म्हणाली, “तेवढ्यासाठी एवढं नाचते का कोनी?” पण त्या दिवशी तिने बेसनाचं चून केलं होतं त्यावर तेल जरा जास्त घातलं.

तो सुरू करायची रीत मोठी विचित्र होती. बटण नाही, बॅटरी नाही. आधी ब्लो-लॅम्पची रॉकेलची ज्योत लावून ते लोट्यासारखं डोकं लाल होईतो तापवायचं. मग स्टिअरिंगच दांड्यासकट उपसून काढायचं, बाजूच्या जड चाकात खोवायचं, आणि झोका द्यायचा. डोकं नीट तापलेलं असेल आणि झोका नेमका बसला तर तो एकदम ठुक्‌ करायचा, मग पुन्हा ठुक्‌, आणि सगळा ट्रॅक्टर जागच्या जागी उड्या मारायला लागायचा. झोका चुकला तर इंजिन उलटं फिरायचं. पहिल्या दिवशी तेच झालं. सगळा वाडा जमलेला. देवरावने ऐटीत पुढचा गिअर टाकला आणि ट्रॅक्टर मागे गेला, तो नत्थुजीचं कुंपण पाडूनच थांबला. नत्थुजी चिडला नाही. तो पोट धरून हसत होता. “अरे, बुडाकडून चालते का तुह्या इटलीतले?”

दुसरा त्याला परतवाड्याला मिळाला. चिखलदऱ्याच्या पायथ्याशी सागवान ओढायला कोणा लाकूडवाल्याने ठेवलेला होता. त्याच्या चाकाचे दात झिजून गेले होते. तिसरा अकोल्याला, एका तेलघाण्यावर. त्याला चाकंच नव्हती. सिमेंटच्या ओट्यावर बसवून पट्ट्यावर घाणा फिरवायला वापरलेला, आणि डोक्याला तडा गेलेला. तिसऱ्या खेपेला चतुराबाई खरंच भांडली.

“एक झाला. दोन झाले. शालूच्या आंगावर एक नवा परकर नाई आन् तुमी लोखंड आनून राहिले. हौस राजाले शोभते, आपल्याले नाई.”

“म्हनूनच तं करतो,” देवराव म्हणाला.

तिला ते पटलं नव्हतं, पण कळलं होतं.

आजूबाजूचे शेतकरी नांगरटीला ट्रॅक्टर भाड्याने मागायला यायचे. तो देत नसे. “हे कामाचे नाई. कामाले बैल आहे तुमच्यापाशी.” लोकांना तो माज वाटायचा. ज्याच्या बापाने आयुष्य दुसऱ्याच्या बांधावर राबण्यात काढलं, त्याच्या दाराशी तीन ट्रॅक्टर आणि तो ते कामाला लावत नाही, ही गोष्ट काही जणांना सहन व्हायची नाही. देवराव दर रविवारी सकाळी चालू झालेल्या दोघांपैकी एक सुरू करायचा. आधी मडगार्ड पुसायचा, तेल पाहायचा, डोकं तापवायचा. ठुकठुक सुरू झाली की समोर बाजेवर बसून ऐकायचा. अर्धा घंटा. मग बंद करून अंघोळीला जायचा. एवढंच. त्यासाठी सगळा खटाटोप.

छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला दीक्षेला जायचं ठरलं तेव्हा मात्र त्याने आपणहून वकिलांकडचा ट्रॅक्टर काढला. जुन्या बंडीच्या आसावर त्याने एक ट्रॉली बनवली होती. तिच्यात म्हातारे, बाया, लेकरं, भाकरींची गाठोडी भरली आणि बडनेऱ्याच्या स्टेशनापर्यंत सगळ्यांना पोचवलं. चालत जाणारी तरणी पोरं ट्रॅक्टरच्या पुढे निघून जात होती इतका तो हळू, पण ट्रॉलीतून कोणी उतरायला तयार नव्हतं. चतुराबाई पांढरं लुगडं नेसून सगळ्यात पुढे बसली होती. वाटेत वलगावच्या हॉटेलवाल्याने बाहेर येऊन पाहिलं, आणि तिने डोक्यावरचा पदर सरळ केला. आधी दसऱ्याला ती तिन्ही ट्रॅक्टरांना हळदकुंकू लावायची. त्या वर्षापासून ते बंद झालं. पण सणाच्या दिवशी तेलाचं बोट फिरवून त्यांची तोंडं पुसायची ते तिने सोडलं नाही.

एकोणसाठ साली चतुराबाईला पुन्हा दिवस गेले. शालू अकरा वर्षांची झाली होती. मधली दोन लेकरं पोटातच गेली होती, त्यामुळे कोणी त्याबद्दल मोठ्याने बोलत नव्हतं. फक्त देवरावने अकोल्याच्या ट्रॅक्टरचं काम थांबवलं आणि त्या छपराखालच्या फळ्यांचा पाळणा केला.

श्रावणात पाऊस लागून राहिला. पेढी नदीला पूर, अमरावतीची बस बंद, रस्त्यावरच्या नाल्यावरून पाणी. काळ्या मातीचा चिखल असा, की चप्पल घातली तर आतच राहायची. अशा एका सकाळी चतुराबाईला अंगावरून जायला लागलं. सातवा सरून आठवा लागला होता. पार्वताबाई सुईण आली, तिने पाहिलं, आणि बाहेर येऊन देवरावला हळूच म्हणाली, “माह्या हातातलं नाई हे. अमरावतीले न्या. आत्ता न्या.”

नत्थुजी तोवर बंडी घेऊन दारात आला होता. “टाक गादी. जुपलेलीच आहे.”

देवरावने बंडीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. परवाच पाटलाची बंडी नाल्यात रुतली होती आणि बैलं कशीबशी सोडवली होती.

“बंडी फसन, नत्थुजी. नाल्यात फसली तं अठीबी नाई अन् तठीबी नाई. ट्रॅक्टर काढतो.”

“तापवाले वेळ लागन त्याले.”

“लागन. पन मंग थांबत नाई तो.”

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हे नंतर सगळ्यांनी कबूल केलं. ज्यांनी त्याला नावं ठेवली त्यांनीसुद्धा.

त्याने ट्रॉलीत कडबा टाकला, त्यावर गादी, त्यावर चतुराबाईला उचलून निजवलं आणि वरून ताडपत्री बांधली. शालू आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मग त्याने वकिलांकडच्या ट्रॅक्टरसाठी ब्लो-लॅम्प पेटवला. वाऱ्याने तो विझला. परत पेटवला. नत्थुजी पत्र्याचा तुकडा आडवा धरून उभा राहिला. पाऊस तापत्या डोक्यावर पडत होता आणि वाफ होत होती. डोकं लाल व्हायलाच तयार नव्हतं. चतुराबाई ताडपत्रीच्या फटीतून त्याच्याकडे पाहत होती. कण्हत नव्हती. शालूच्या परकराला ओलं लागत होतं आणि ते पावसाचं नाही हे तिला कळत होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “बंडीच न्या ना.”

“झालंच, बाई. झालंच.”

पहिला झोका वाया गेला. दुसऱ्या झोक्याला तो एकदा ठुक्‌ करून थांबला. देवरावने पुन्हा डोकं तापवलं. त्याचे हात काम करताना जसे चालायचे तसेच चालत होते, एकामागून एक, न चुकता. तिसरा झोका बसला. ठुक्‌. ठुक्‌. मग सलग. ट्रॅक्टर जागेवर उड्या मारू लागला, आणि देवराव हसला. तोंडभर हसला, दर रविवारी हसायचा तसा. क्षणभरच. लगेच त्याने स्टिअरिंग ओढून काढलं, जागेवर बसवलं आणि उडी मारून वर चढला.

शालूने ते हसू पाहिलं.

ट्रॅक्टर खरोखर कुठेच थांबला नाही. नाल्यात पाणी चाकाच्या आसापर्यंत चढलं तरी तो ठुकठुकत पलीकडे गेला. ज्या जागी पाटलाची बंडी फसली होती तिथून तो पार झाला. अमरावतीला मोठ्या दवाखान्यात चतुराबाईला आत घेतलं तेव्हा तिचे हात पांढरे पडले होते. मूल आधीच गेलेलं होतं. मुलगा होता. चतुराबाई संध्याकाळी गेली.

डॉक्टर तरुण होता. बाहेर येऊन म्हणाला, “थोडं आधी—” आणि देवरावच्या अंगावरचे तेलाचे डाग, चिखल, भिजलेली पोर पाहून पुढचं बोललाच नाही.

त्या अर्ध्या वाक्याने पुढची नऊ वर्षं खाल्ली.

तिला माती देऊन लोक परतले, पाहुणे आले, गेले. घरात बाप आणि लेक उरले. चौथ्या-पाचव्या दिवशी देवराव चुलीपुढे बसून भाकर थापायचा प्रयत्न करत होता. ती फाटत होती. शालू भिंतीला टेकून पाहत होती.

“तुमी हासले,” ती म्हणाली.

देवरावचा हात थांबला.

“माय मरून राहिली होती अन् तुमी हासले.”

त्याने भाकर तव्यावर टाकली. तिची एक बाजू करपली तरी त्याने ती उलटली नाही.

शालूने हे परत कधी म्हटलं नाही. तिने आदळआपट केली नाही, की घर सोडून मामाकडे गेली नाही. ती शाळेत गेली, पाणी भरलं, हळूहळू सैपाक शिकली, बापाला जेवायला वाढलं. पण त्याला हाक मारायची बंद झाली. काही सांगायचं असलं तर समोर येऊन उभी राहायची आणि सरळ बोलायला लागायची. ‘बाबा’ हा शब्द घरातून गेला.

देवरावने छपराला पुढून तट्टे बांधून टाकले. वकिलांकडच्या ट्रॅक्टरवर ताडपत्री घातली. तीच ताडपत्री. रविवारी तो बाजेवर बसायचा, पण पाठ छपराकडे करून. नत्थुजी येऊन शेजारी बसायचा. दोघं बिडी ओढायचे. नत्थुजीने ‘मी म्हणत होतो’ असं एकदाही म्हटलं नाही. त्या माणसाचे हे उपकार मोठे होते. गावाने मात्र म्हटलं. देवरावाले बायकोपेक्षा लोखंड प्यारं, असं म्हटलं. कारखान्यातल्या लोकांनी म्हटलं. देवराव कोणाशी वाद घालत नव्हता. एका भंगारवाल्याने ट्रॅक्टर विकता का असं विचारलं तेव्हा तो नुसता “नाई” म्हणाला.

पासष्ट साली शालू नर्सिंग शिकायला अकोल्याला गेली. देवराव तिला स्टँडवर पोचवायला आला, ट्रंक टपावर चढवून दिली, आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. सुट्टीत ती यायची. बापाचे कपडे धुवायची, घर सारवायची, दोन दिवस राहून परत जायची.

शिक्षण संपून ती तिथेच बाळंतपणाच्या वॉर्डात लागली. अडुसष्टच्या मार्चमध्ये एक बाई आली. आठवा महिना, अंगावरून जात होतं. पैसेवाल्या घरची. नवऱ्याने दुखायला लागल्या लागल्या मोटारीत घालून आणली होती. घर दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. डॉक्टरीणबाई हजर होत्या, रक्त हजर होतं, सगळं होतं. शालू तिच्या उशाशी होती. बाई वाचली नाही.

शालूने कपडे बदलले, रजा मागितली आणि अमरावतीची बस धरली. दुपारी ती वलगावला उतरली तेव्हा देवराव ओट्यावर बसून सायकलची साखळी धूत होता. केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती. ती त्याच्यासमोर बसली आणि त्या बाईचं सगळं सांगितलं. मोटार, डॉक्टर, रक्त, सगळं.

“वेळेवर आनली होती तिले,” ती म्हणाली. “तरी गेली. बंडीनं नेलं असतं तं माय वाचली असती, असं नाई. वाचली असती का नाई, ते कोनालेच सांगता येत नाई.”

देवराव साखळी पुसत राहिला. पुसता पुसताच म्हणाला, “पन मी हासलो होतो.”

“हो.”

“तुह्या मायनंबी पाह्यलं ते.”

शालूने मान वर केली.

“तू माह्याकडे पाहून राहिली होती. तुले दिसलं नाई. तीबी हासली. म्हने, चाललं एकदाचं.” तो थांबला. “अन् मंग डोळे मिटले तिनं. तठून पुढं काई बोलली नाई.”

शालूला ते खरं वाटावं की नाही कळेना. ताडपत्रीच्या फटीतून, इंजिनाच्या त्या आवाजात, त्याला खरंच ऐकू आलं असेल? की नऊ वर्षांत त्याने स्वतःसाठीच ते ऐकलं होतं? तिने विचारलं नाही. ती उठली, आत जाऊन चहा ठेवला, आणि दारातून म्हणाली, “बाबा, गूळ कोठी ठेवला?”

देवरावला ते सांगता येईना. त्याला रडू आवरत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात त्याने तट्टे सोडले. हात आता पूर्वीसारखे चालत नव्हते. दमही लागायचा. पण त्याने परतवाड्याचा पुन्हा केला. जून महिन्यात शालू सुट्टीत येत होती तेव्हा तिला स्टँडवर उतरल्यापासूनच ठुकठुक ऐकू आली. हॉटेलवाला म्हणाला, “सुरू केलं बाप्पा तुह्या बापानं परत.” ती घराकडे गेली ती घाईने नाही, सावकाश, आवाज ऐकत.

मग त्याने अकोल्याचा हातात घेतला. तो मुळापासून करायचा होता. त्याने तो पूर्ण खोलला, प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुतला आणि अंगणात पोत्यांवर मांडत गेला. ताडपत्रीखालच्या ट्रॅक्टरला मात्र त्याने हात लावला नाही. नत्थुजीने एकदा विचारलं तर म्हणाला, “त्याले राहू दे.”

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात त्याला ताप भरला. त्याने तो अंगावर काढला. नत्थुजीने शालूला तार केली. ती पोचली तेव्हा तो शुद्धीवर होता. तिने नाडी पाहिली, छातीला कान लावला, आणि तिला कळलं. अमरावतीला न्यायचं का असं नत्थुजीने विचारलं. जीप मिळत होती. देवरावने मान हलवली. “अठीच,” तो म्हणाला. ती त्याचा हात धरून बसली. तो दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

सगळं आटोपल्यावर शालू अंगणात आली. पोत्यांवर भाग तसेच मांडलेले होते. पाऊस येऊ नये म्हणून नत्थुजीने त्यांवर पत्रे टाकले होते. कोणत्या भागामागे कोणता, याचा काहीतरी क्रम होता. तो तिला दिसत होता, पण कळत नव्हता. तिने अमरावतीहून एका मिस्त्रीला बोलावलं. त्याने इकडून तिकडून फिरून पाहिलं, एक कडी उचलली, परत ठेवली. “बाई, ज्यानं खोललं त्यानंच बसवावं असं आहे हे,” तो म्हणाला आणि चहा पिऊन गेला. परतवाड्याचा तिने नत्थुजीला विहिरीवर लावायला दिला. तो काही महिने चालला, मग एकदा बंद पडला आणि कोणाच्याच झोक्याला दाद देईना.

उरलेल्या दोघांसाठी भंगारवाला आला. अकोल्याचे भाग पोत्यांसकट ट्रकमध्ये गेले. मग त्याच्या माणसांनी ताडपत्री ओढली. वकिलांकडचा ट्रॅक्टर गंजला होता, पण उभा होता तसा धड होता. एवढं वजन उचलून ट्रकात चढणार नाही, फोडूनच न्यावं लागेल, असं ते म्हणाले.

“अठी फोडू नका,” शालू म्हणाली. “बाहेर न्या.”

त्यांनी नत्थुजीची बैलं लावून तो रस्त्याच्या पलीकडे, पडीक जागेत ओढून नेला. मोठ्या घणाने फोडायला सुरुवात केली. बिडाचं लोखंड, पण जाड. एकेक घाव घातला की सगळ्या वाड्यात घुमायचा. शालू घरात बसून ऐकत राहिली. दुपार झाली तरी ते जड चाक फुटलं नव्हतं, आणि माणसं घामाने थबथबली होती. तिने उठून चूल पेटवली, चहा केला, पितळेच्या गडव्यात भरला, आणि कप घेऊन रस्त्यापलीकडे गेली. त्यांना चहा दिला. ते चहा पिईपर्यंत ती ट्रॅक्टरच्या सावलीत उभी राहिली. मग कप गोळा करून घरी आली, आणि संध्याकाळच्या अकोल्याच्या गाडीसाठी आपली पिशवी भरायला लागली.